कुंपणच शेत खातें तेव्हां

शेताला कुंपण घालावयाचें तें गुरांपासून पिकाचें रक्षण व्हावें म्हणून. पण कुंपणच शेत खाऊं लागलें तर धन्यानें दाद मागावी कोणाजवळ, असा प्रश्न एका जुन्या मराठी म्हणीनें विचारून ठेवला आहे. मोठ्या शहरांतील दुकानदार, कारखानदार व कंत्राटदार यांच्यापुढें हाच प्रश्न निराळ्या स्वरूपांत उभा राहतो. एखादा गृहस्थ सभ्य पोशाखांत दुकानीं येतो, गोड बोलतो, दिवस वाईट आले आहेत म्हणून हळहळतो, दुकानावर आपली माणसें लक्ष ठेवतील असें आश्वासन देतो, आणि त्या लक्ष ठेवण्याचा दरमहा मोबदला मागतो. मोबदला न दिल्यास जें संकट ओढवणार असतें, तें दुसऱ्या कोणाकडून नव्हे, तर त्याच रक्षकाकडून! संकट आणि संरक्षण हे दोन्ही माल एकाच पेढीवर विकले जावेत, असा हा विलक्षण व्यापार आहे. तो जगांत अनेक ठिकाणीं चालतो. परंतु त्याचा सर्वांत दीर्घ व सर्वांत तपशीलवार नोंदलेला इतिहास भूमध्य समुद्रांतील सिसिली बेटाचा आहे. रोग ज्या शरीरांत पुष्कळ दिवस राहिला, त्याच शरीराच्या तपासणीनें त्याची लक्षणें उत्तम कळतात.

प्रथम शब्दांचा उलगडा केलेला बरा. खंडणी हा शब्द मराठी माणसास इतिहासांतून परिचित आहे. अठराव्या शतकांत मराठ्यांनीं दक्षिणेच्या मोंगली सुभ्यांवर चौथाई म्हणजे महसुलाचा चौथा हिस्सा, व सरदेशमुखी म्हणजे दहावा हिस्सा, असे हक्क सांगितले, आणि १७१९ सालीं दिल्लीच्या बादशहाकडून त्यांच्या सनदा मिळविल्या. चौथाई ही संरक्षणाची किंमत होती कीं निव्वळ वसुली होती, याविषयीं इतिहासकारांत आजहि मतभेद आहेत. पण ती दोन सत्तांमधील उघड बाब होती. तिला सनद होती, दफ्तर होतें, हिशेब होता. स्कॉटलंड व इंग्लंड यांच्या सीमेवर सोळाव्या शतकांत लुटारू टोळ्या शेतकऱ्यांकडून गुरें न पळविण्याबद्दल जो पैसा घेत, त्यास तेथील लोक ‘काळा सारा’ अशा अर्थाचें नांव देत. पांढरा सारा जमिनीच्या धन्याचा, आणि काळा सारा चोराचा! हा भेद शेतकऱ्यांना पक्का ठाऊक होता. कर, दरोडा आणि खंडणी या तिहींतील फरकहि यावरून स्पष्ट होतो. कराला कायदा असतो, पावती असते, आणि अन्याय झाल्यास वर दाद मागतां येते. दरोडेखोर एकदां लुटतो आणि निघून जातो. खंडणी घेणारा पावती देत नाहीं आणि निघूनहि जात नाहीं. तो पुढच्या महिन्यांत पुन्हां येतो.

सिसिलींत हा काळा सारा कसा रुजला? त्या बेटावर सरंजामी हक्क १८१२ सालीं कायद्यानें नाहींसे झाले. तोंवर जमीनदारांच्या पदरीं हत्यारबंद शिपाई असत व तेच त्यांच्या मुलखांतील पोलिस. सरंजामशाही गेली, जमिनी विकत घेतां-देतां येऊं लागल्या, नवे मालक व नवे खंडकरी उत्पन्न झाले. परंतु त्यांच्या मालमत्तेचें रक्षण करणारें सरकार मात्र तितक्या लवकर उत्पन्न झालें नाहीं. १८६० सालीं गॅरिबाल्डीनें बेट जिंकलें व तें इटलीच्या नव्या राज्यांत सामील झालें. पण दूरच्या राजधानीचे अंमलदार लोकांस परके वाटत आणि न्यायकचेऱ्यांवर कोणाचा विश्वास नसे. जुने शिपाई बेकार झाले होते, बंदूक चालवूं जाणणारीं माणसें विपुल होतीं, आणि संरक्षणाची गरज तर पूर्वीपेक्षां वाढली होती. मालाला गिऱ्हाईक तयार होतें. विकणाराहि तयार होता.

पुष्कळांची समजूत अशी कीं हा रोग दारिद्र्यांतून व अज्ञानांतून जन्मला. वस्तुस्थिति कांहींशी उलट आहे. तो फोफावला पालेर्मो शहराभोंवतींच्या लिंबांच्या बागांत, आणि त्या बागा त्या काळीं अतिशय किफायतशीर होत्या. लिंबाच्या रसानें खलाशांचा स्कर्व्ही रोग टळतो हें इंग्रजी आरमारास पटल्यापासून सिसिलीच्या लिंबांना मोठी मागणी आली. पुढें लंडन व न्यूयॉर्कपर्यंत जहाजें भरभरून माल जाऊं लागला. पण लिंबाची बाग म्हणजे सर्वस्वीं दुसऱ्याच्या दयेवर असलेली संपत्ति. झाड लावल्यापासून भरपूर फळ येईपर्यंत वर्षें लोटावयाचीं. उन्हाळ्यांत पाटाचें पाणी वेळेवर न मिळालें तर पीक गेलें. आणि एका रात्रींत कुऱ्हाडीच्या चार घावांनीं पंधरा वर्षांची मेहनत मातीस मिळावयाची. म्हणून बागेस राखणदार हवा. राखणदार सांगेल तो पगार हवा. आणि राखणदार ज्याची शिफारस करील तोच व्यापारी हवा.

या परिस्थितीचें एक जिवंत उदाहरण दप्तरीं नोंदलेलें आहे. पालेर्मोचे एक शस्त्रवैद्य, डॉक्टर गास्पारे गालाती, यांच्याकडे १८७२ सालीं शहरालगतच्या एका लिंबाच्या बागेची व्यवस्था आली. बाग लहान पण उत्तम होती. पाणी ओढण्यासाठीं वाफेचें यंत्रहि बसविलेलें होतें. तिचे पूर्वीचे चालक, म्हणजे डॉक्टरांचे मेहुणे, धमकीचीं पत्रें येऊं लागल्यावर हृदयविकारानें वारले होते. बागेचा राखणदार विक्रीच्या किंमतीपैकीं शेंकडा २० ते २५ स्वतः घेत असे आणि यंत्राचा कोळसाहि चोरीत असे. बाग तोट्यांत घालून ती स्वतःच स्वस्तांत गिळावी असा त्याचा डाव होता. डॉक्टरांनीं त्याला काढून टाकलें. तेव्हां त्यांच्या ओळखीचीं, प्रतिष्ठित म्हणविणारीं माणसें येऊन, त्याला परत ठेवा असा सल्ला देऊं लागलीं! नव्या राखणदारास जुलै १८७४ मध्यें गोळ्या घालण्यांत आल्या. त्याच्या जागीं आलेल्या दुसऱ्यावरहि पुढल्या वर्षाच्या आरंभीं तोच प्रसंग आला. धमकीचीं पत्रें येतच होतीं. पोलिसांकडे दिलेले पुरावे निष्फळ झाले. शेवटीं डॉक्टर बागेवर, धंद्यावर आणि घरावर पाणी सोडून बायकामुलांसह नेपल्सला निघून गेले, आणि तेथून त्यांनीं गृहमंत्र्यांस एक सविस्तर निवेदन धाडलें. जवळच्या एका खेड्याची वस्ती अवघी ८०० असतां तेथें एकट्या १८७४ सालीं २३ खून झाले, अशी नोंद त्या निवेदनांत आहे.

त्यानंतर थोड्याच काळानें, १८७६ सालीं, लिओपोल्दो फ्रांकेत्ती नांवाचा टस्कनी प्रांतांतील एक तरुण विद्वान सिसिलींत हिंडला आणि १८७७ सालीं त्यानें आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्याचें मुख्य प्रतिपादन असें कीं, सिसिलींत हिंसा हा एक उद्योगधंदा बनला आहे. जसा गिरणीला भांडवलवाला, व्यवस्थापक आणि मजूर लागतो, तसेच या धंद्यालाहि ते आहेत. आणि कोणता गुन्हा केव्हां करावा व केव्हां टाळावा याचा हिशेब नफ्यातोट्याच्या दृष्टीनें होतो. शंभराहून अधिक वर्षांनीं, १९९२-९३ सालीं, दिएगो गांबेत्ता या समाजशास्त्रज्ञानें हाच धागा पुढें नेला. माफिया ही खासगी संरक्षण विकणारी पेढी आहे, असा त्याचा सिद्धान्त. जेथें शब्दावर विश्वास नाहीं, कोर्टावर भरंवसा नाहीं, तेथें दोन व्यापाऱ्यांच्या सौद्यास जामीन राहणारा कोणी तरी लागतो. ती उणीव ही पेढी भरून काढते, आणि मग ती उणीव कधींच बुजूं नये अशी दक्षता घेते. कारण समाजांत विश्वास वाढला तर तिचें दुकान बसेल.

या वसुलीस सिसिलींत ‘पिट्सो’ असें नांव आहे. त्या शब्दाचा अर्थ पक्ष्याची चोंच. दुसऱ्याच्या पेल्यांत आपली चोंच बुडवून दोन थेंब घ्यावयाचे, असा त्यांतील भाव. मागणी किती क्षुल्लक व निरुपद्रवी भासविली जाते हें त्या नांवावरूनच दिसतें. मागण्याची रीतहि ठरलेली असते. प्रथम एखाद्या सकाळीं दुकानाच्या कुलुपांत कोणीं तरी घट्ट चिकटणारा डिंक भरून ठेवलेला आढळतो. नुकसान फारसें नाहीं; कुलूप तोडावें व नवें आणावें. पण दुकानदारास निरोप कळतो. मग दूरध्वनीवर एखादा आवाज सांगतो कीं, स्वतःची व्यवस्था लावून घ्या, एखादा मित्र शोधा. दुकानदार घाबरून शेजाऱ्यास विचारतो आणि शेजारी एका ‘मित्राचें’ नांव सांगतो. तो मित्र मध्यस्थी करतो, मागणी पुष्कळ कमी करून देतो, आणि दुकानदार त्याचे आभार मानतो! उघड धमकीचा एक शब्दहि न उच्चारतां करार पुरा होतो. पुढें हप्ता महिन्याचा असेल, किंवा नाताळ आणि ईस्टर या सणांना असेल. तुरुंगांतील माणसांच्या कुटुंबांस मदत, असें त्याला दयाधर्माचें नांवहि दिलें जातें. ज्यानें हें सर्व नाकारलें त्याच्या दारांत पेट्रोलचा डबा ठेवलेला दिसतो, नंतर मोटार जळते, आणि त्यानंतरच पिस्तुलाची पाळी येते. हिंसा खर्चिक असते. ती पोलिसांस जागें करते. म्हणून कुशल खंडणीवाला ती जपून वापरतो व तिच्या आठवणीवर पुष्कळ दिवस जगतो.

एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. १९९० नंतरच्या काळांत माफियाच्या पुढाऱ्यांनीं असें धोरण ठेवलें कीं, प्रत्येकाकडून थोडें घ्यावें, पण घ्यावें प्रत्येकाकडून. लहानशा किराणा दुकानाकडून मिळणाऱ्या रकमेनें कोणी श्रीमंत होत नाहीं; अमली पदार्थांच्या व्यापारांत त्याहून कितीतरी अधिक पैसा आहे. मग हा खटाटोप कशासाठीं? त्याचें उत्तर असें कीं, पिट्सो हा पैशापेक्षांहि सत्तेचा प्रश्न आहे. ज्या रस्त्यावरील प्रत्येक दुकान निमूटपणें हप्ता देतें, त्या रस्त्याचा राजा कोण हें निराळें सांगावें लागत नाहीं. हप्ता हें मांडलिकत्वाचें चिन्ह आहे. म्हणूनच एका माणसाचा नकार रकमेनें क्षुल्लक असला तरी त्या सत्तेला तो असह्य होतो.

देणाऱ्याची बाजूहि सर्वस्वीं निर्मळ राहत नाहीं, हें या विषयांतील सर्वांत कडू सत्य आहे. आरंभीं तो भयानें देतो. पुढें त्याला दिसतें कीं या ‘मित्रा’कडून कामेंहि करून घेतां येतात. बुडालेलें येणें वसूल होतें. समोर नवें दुकान काढूं पाहणारा प्रतिस्पर्धी परावृत्त होतो. कामगारांची कुरकूर थांबते. बळी हळूहळू गिऱ्हाईक बनतो आणि गिऱ्हाईक भागीदार. पण त्या भागीदारींत मुखत्यारी दुसऱ्याचीच असते. माल अमुक घाऊक व्यापाऱ्याकडूनच घ्यावा, नोकरीस अमुक माणूसच ठेवावा, बांधकामाची वाळू अमुक गाड्यांतूनच यावी, असे हुकूम येऊं लागतात. धंदा अडचणींत आला कीं तोच मित्र भरमसाट व्याजानें कर्ज देतो, आणि एके दिवशीं दुकानाची पाटी तीच राहून मालक बदललेला असतो. ज्या शहरांत हा रोग पसरतो, तेथें नवा कारखाना काढण्यास कोणी धजत नाहीं, शहाणीं मुलें परगांवीं जातात, आणि प्रत्येक पावाच्या किंमतींत त्या चोंचेचे दोन थेंब मिसळलेले असतात. ते अखेर भरतो कोण? पाव विकत घेणारा गृहस्थच.

सिसिलीचे लोक पोटासाठीं अमेरिकेस गेले तेव्हां ही विद्याहि कांहीं प्रमाणांत त्यांच्याबरोबर समुद्रापार गेली. विसाव्या शतकाच्या प्रारंभीं न्यूयॉर्कमधील इटालियन वस्तींत काळ्या पंजाचें चित्र काढलेलीं धमकीचीं पत्रें दुकानदारांस येत. तीं लिहिणारेहि इटालियन आणि ज्यांना येत तेहि इटालियन. आणि त्यांच्याविरुद्ध लढणारा पोलिस अंमलदार जोसेफ पेट्रोसिनो हाहि इटालियनच. तो तपासासाठीं पालेर्मोस गेला असतां १२ मार्च १९०९ रोजीं तेथें भर चौकांत त्याचा खून झाला. खंडणीखोर आपल्याच लोकांना प्रथम पिळतो, कारण त्यांचीच भाषा, नाती व भीति त्याला पुरतेपणीं ठाऊक असते.

इटालियन सरकारनें या सत्तेवर हत्यार धरलें नाहीं असें नाहीं. मुसोलिनीच्या काळीं, १९२५ ते १९२९ या अवधींत, चेझारे मोरी या अधिकाऱ्यानें हजारों लोकांस पकडून तुरुंगांत घातलें. परंतु दंडुकेशाहीनें रोग दबला, गेला नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर तो दुप्पट जोमानें उसळला. ज्या लिंबांच्या बागांत त्याचें बाळपण गेलें त्या बागाहि पुढें बऱ्याच अंशीं सिमेंटच्या इमारतींखालीं गडप झाल्या, व बागेच्या राखणदाराची जागा बांधकामाच्या कंत्राटदारानें घेतली. खरा घाव बसला तो कायद्याचा. पार्लमेंटचे सभासद पियो ला तोर्रे यांनीं एका नव्या कायद्याचा पुरस्कार केला होता. ३० एप्रिल १९८२ रोजीं त्यांचा खून झाला. ३ सप्टेंबरला पालेर्मोचे प्रीफेक्ट जनरल दाल्ला कियेझा यांना त्यांच्या पत्नीसह ठार करण्यांत आलें. त्यानंतर दहा दिवसांत तो कायदा मंजूर झाला. जी टोळी आपल्या दहशतीच्या बळावर, व त्या दहशतींतून येणाऱ्या मौनाच्या बळावर, धंदे व कंत्राटें काबीज करते, तिचें सभासदत्व हाच गुन्हा, असें त्यानें ठरविलें, आणि तिची मालमत्ता जप्त करण्याचा अधिकार सरकारास दिला. १० फेब्रुवारी १९८६ पासून पालेर्मोंत सुमारें ४७५ आरोपींवर प्रचंड खटला चालला. १९ जणांना जन्मठेप झाली, आणि ३० जानेवारी १९९२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें निकालाचा मुख्य भाग कायम केला. त्याची किंमतहि भयंकर पडली. ज्यांनीं हा खटला उभारला त्यांपैकीं न्यायाधीश जोव्हान्नी फाल्कोने व पाओलो बोर्सेल्लिनो हे दोघेहि त्याच वर्षीं, २३ मे व १९ जुलै या दिवशीं, बॉम्बनें मारले गेले.

परंतु न्यायाधीश कितीहि शूर असला तरी साक्षीदार नसेल तर तो काय करणार? देणाऱ्यानेंच तोंड उघडलें पाहिजे. आणि तें पहिल्यानें मोठ्यानें उघडणारा पालेर्मोचा माणूस म्हणजे लीबेरो ग्रास्सी. हा ६७ वर्षांच्या घरांतला एक कारखानदार. पायजमे व अंतर्वस्त्रें शिवण्याचा त्याचा कारखाना, सुमारें शंभर कामगारांचा. ‘तुरुंगांतील गरिबांसाठीं’ पैसे द्या असा निरोप दूरध्वनीवरून येऊं लागला तेव्हां त्यानें नकार दिला. १० जानेवारी १९९१ रोजीं पालेर्मोच्या एका दैनिकांत त्याचें उघड पत्र प्रसिद्ध झालें. तें त्यानें खंडणी मागणाऱ्या अज्ञात इसमासच उद्देशून लिहिलें होतें. धमकीचे दूरध्वनि करण्याचे श्रम आणि बॉम्ब व गोळ्या यांवरील खर्च वांचवावा, कारण आपण वर्गणी देणार नाहीं व पोलिसांचें साहाय्य घेतलें आहे, असा त्या पत्राचा आशय होता. त्यानें कारखान्याच्या किल्ल्या पोलिसांच्या हवालीं केल्या, पण स्वतःसाठीं अंगरक्षक घेतले नाहींत. मार्च महिन्यांत त्याच्या माहितीवरून कांहीं इसम पकडलेहि गेले.

या गोष्टीचा खेदजनक भाग पुढेंच आहे. शहरांतील इतर कारखानदार त्याच्या पाठीशीं उभे राहिले असते तर चित्र पालटलें असतें. तसें झालें नाहीं. त्यानें शहराचें नांव बद्दू केलें, उगाच गवगवा केला, अशी कुजबुज त्याच्याच व्यवसायबंधूंनीं चालविली. एप्रिल महिन्यांत कातानिया येथील एका न्यायाधीशानें दुसऱ्या एका प्रकरणांत असा अभिप्राय दिला कीं, माफियाला संरक्षणाबद्दल पैसे देणाऱ्या व्यापाऱ्यांचें वर्तन नाइलाजाचें असून तो गुन्हा नव्हे. ग्रास्सीनें याचा जाहीर निषेध केला. देणें क्षम्य ठरलें तर न देणारा वेडा ठरतो, हें त्यानें ओळखलें होतें. दूरचित्रवाणीच्या एका राष्ट्रीय कार्यक्रमांत त्यानें सर्व देशासमोर आपली बाजू मांडली. २९ ऑगस्ट १९९१ रोजीं सकाळीं साडेसातच्या सुमारास घरांतून कामावर जाण्यासाठीं तो पायीं निघाला असतां, घरापासून थोड्याच अंतरावर त्याला गोळ्या घालून ठार करण्यांत आलें. मारेकऱ्यांना पुढें शिक्षा झाल्या. त्याची पत्नी पीना हिनें त्या जागीं सरकारी संगमरवरी शिळा बसवूं दिली नाहीं. दर वर्षीं त्या दिवशीं ती व तिचीं मुलें एक साधा कागद स्वहस्तें लिहून भिंतीवर चिकटवीत. मारणाऱ्यांचा त्यांत उल्लेख असेच. पण कारखानदारांच्या संघाचें मौन, पक्षांची उदासीनता आणि सरकारची गैरहजेरी यांचाहि त्यांत स्पष्ट उल्लेख असे. ती १९९२ सालीं सेनेटवर निवडून आली व २०१६ सालीं वारली.

एकटा होता म्हणून ग्रास्सी मारला गेला, हें अनुमान भावनेचें नसून अनुभवाचें आहे. कारण त्याच सुमारास त्याच बेटावर दुसरा प्रयोग यशस्वी झाला होता. उत्तर किनाऱ्यावरील कापो दोर्लांदो या लहान गांवांत डिसेंबर १९९० मध्यें दुकानदारांनीं तानो ग्रास्सो या पादत्राणांच्या व्यापाऱ्याच्या पुढाकारानें एक संघ काढला. त्यांनीं कोणी एकट्यानें फिर्याद न देतां सर्वांनीं मिळून साक्ष देण्याचें ठरविलें, आणि पुढल्या वर्षीं खटल्यांत ती दिली. आरोपींस शिक्षा झाल्या व दुकानदार सुखरूप राहिले. वीस जणांपैकीं एकानें नाकारलें तर त्याला मारतां येतें. विसांनींहि नाकारलें तर कोणाकोणाला मारणार? खंडणीच्या सर्व गणिताचें मर्म या एका प्रश्नांत आहे. ग्रास्सीच्या खुनानंतर चार महिन्यांत, ३१ डिसेंबर १९९१ रोजीं, सरकारनें वटहुकूम काढून, खंडणी नाकारल्यामुळें ज्याचें नुकसान होईल त्यास भरपाई देणारा निधि स्थापन केला. १९९९ च्या कायद्यानें तो अधिक व्यापक झाला. पण ही भरपाई मिळण्यास एक अट आहे: नुकसान सोसणारानें अधिकाऱ्यांकडे खरी हकीकत सांगितली पाहिजे.

तरीहि पालेर्मो शहर पुष्कळ वर्षें मूकच होतें. २९ जून २००४ च्या सकाळीं शहराच्या मध्यभागांत जिकडेतिकडे लहान लहान चिठ्ठ्या चिकटविलेल्या दिसल्या. तिकडे मृत्यूची वार्ता देणाऱ्या पत्रकांस काळी किनार असते. तशीच या चिठ्ठ्यांना होती. जी प्रजा सगळीच्या सगळी पिट्सो भरते तिला आत्मसन्मान उरलेला नाहीं, असा त्यांवरील मजकुराचा भाव होता. चिकटविणारे होते कांहीं तरुण पदवीधर. त्यांना एक उपाहारगृह काढावयाचें होतें. खर्चाचा अंदाज मांडतांना भाडें, वीज, पगार यांच्या ओळींत पिट्सोचीहि एक ओळ घालावी लागेल हें एकाच्या ध्यानांत आलें आणि सर्वच चमकले. त्यांतून जी चळवळ उभी राहिली तिच्या नांवाचा अर्थ ‘पिट्सोला अखेरचा रामराम’. तिची युक्ति फार साधी आणि म्हणूनच प्रभावी ठरली. दुकानदारानें न भरण्याचें धैर्य करावें असें सांगण्यापूर्वीं तिनें गिऱ्हाइकांच्या सह्या गोळा केल्या. आम्ही न भरणाऱ्याच दुकानांतून माल घेऊं, असें हजारों गृहस्थांनीं व गृहिणींनीं लिहून दिलें. गिऱ्हाइकांची फौज पाठीशीं आहे असें पाहून २००६ सालीं सुमारें शंभर दुकानदारांनीं आपलीं नांवें जाहीर केलीं. कालांतरानें ती संख्या हजारावर गेली. २००७ सालीं पालेर्मोंतील एका जुन्या प्रसिद्ध खाणावळीच्या मालकानें भर कोर्टांत खंडणी मागणाऱ्याकडे बोट दाखविलें. त्याच वर्षीं सिसिलीच्या उद्योगपतींच्या संघानें, पिट्सो भरून तो दडविणाऱ्या सभासदास काढून टाकण्याचा ठराव केला. ज्या वर्गानें ग्रास्सीला एकटें सोडलें होतें, त्याच वर्गाला सोळा वर्षांनीं हें शहाणपण आलें. ५ नोव्हेंबर २००७ रोजीं एक मोठा पुढारी पकडला गेला, तेव्हां त्याच्यापाशीं वसुलीची वहीच सांपडली. दुकानांचीं नांवें आणि पुढें रकमा! चोराच्याच जमाखर्चानें शेंकडों मुके साक्षीदार बोलके केले.

याचा अर्थ सिसिलींतून पिट्सो हद्दपार झाला असा मात्र कोणीं करूं नये. तीस वर्षें फरारी असलेला शेवटचा मोठा पुढारी १६ जानेवारी २०२३ रोजीं पालेर्मोच्या एका रुग्णालयांत पकडला गेला व त्याच वर्षीं मेला. तरी वसुली कोठें कोठें चालूच राहिली. पण पूर्वीं न भरणें हें वेडेपण समजलें जाई. तेथें आतां न भरतांहि जगतां येतें हें दाखवून देणारीं दुकानें प्रत्येकाच्या डोळ्यांपुढें आहेत.

मुंबईकरांस ही कथा अगदींच परकी वाटणार नाहीं. येथेंहि १९९० नंतरच्या दशकांत इमारती बांधणारे, चित्रपट काढणारे व हॉटेलवाले यांना परदेशांतून दूरध्वनि येत. १२ ऑगस्ट १९९७ रोजीं ध्वनिफितींचे प्रसिद्ध व्यापारी गुलशन कुमार यांचा अंधेरींत देवळाबाहेर खून झाला, तेव्हां सारें शहर हादरलें. १९९९ सालीं महाराष्ट्र सरकारनें संघटित गुन्हेगारी नियंत्रणाचा खास कायदा केला. पुढें १ जुलै २०२४ पासून देशभर लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंतहि खंडणीबरोबर संघटित गुन्हेगारी हा स्वतंत्र गुन्हा म्हणून आला. कायदे असे आहेत. पण सिसिलीचा दीड शतकांचा अनुभव सांगतो कीं, कायदा हें केवळ अर्धें औषध आहे.

उरलेलें अर्धें औषध समाजाच्या हातीं आहे. खंडणीचें खरें भांडवल पिस्तूल नसून मौन आहे. आणि मौन हें एकट्याचें नसतें, तें शेजाऱ्यापाजाऱ्यांनीं मिळून पाळलेलें असतें. ज्यानें नकार दिला त्याला भांडखोर ठरवून त्याच्या दुकानाची पायरी टाळणारा सज्जन, आणि कुलुपांत डिंक भरणारा टोळीवाला, हे दोघे एकमेकांस ओळखीत नसतील. तरी एकाचें काम दुसरा पुरें करतो. उलट, ज्यानें नकार दिला त्याच्याकडून मुद्दाम जाऊन शेरभर साखर घेणारी गृहिणी पोलिसांच्या पहाऱ्याइतकेंच मोलाचें काम करते. डॉक्टर गालातींना बाग सोडून पळावें लागलें, ग्रास्सीला प्राणास मुकावें लागलें, आणि त्यांच्यानंतरच्या दुकानदारांना मात्र आपल्या गल्ल्यावर निर्धास्त बसतां आलें. तिघांच्या धैर्यांत फारसा फरक नव्हता. फरक होता तो त्यांच्या मागें उभ्या राहिलेल्या माणसांच्या संख्येंत. कुंपण शेत खाऊं लागलें म्हणजे एकट्या धन्यानें तें उपटण्यास जाऊं नये, हें खरें. पण साऱ्या गांवानें मिळून जावें, हें त्याहूनहि खरें.